विम्याचं जास्तीचं कव्हर कमी केलं, ११ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या रिन्युअलला आम्ही दोघांनी बसून घरातल्या सगळ्या पॉलिसी एकदम बाहेर काढल्या. गाडीची, घराची, हेल्थची, दोघांच्या टर्म (म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम मिळते तो विमा), मुलाच्या नावाची एक, फोनची एक, आणि एक तर कर्ज घेताना सह्यांच्या गठ्ठ्यात आलेली, जी मी घेतलीय हेच मला माहीत नव्हतं. तोपर्यंत दरवर्षी मेसेज आला की पैसे भरायचे एवढंच चालू होतं. आता ११ महिने झालेत, त्यामुळे काय जमलं आणि काय जड गेलं ते लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल.

सुरुवात गाडीपासून केली. पॉलिसीचं जे शेड्यूल असतं ना, म्हणजे कव्हर आणि रकमांचा तक्ता, त्याच्या दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात ६ ॲड-ऑन होते, म्हणजे मूळ विम्यावर पैसे देऊन घेतलेली जास्तीची कव्हर, प्रत्येकापुढे छोटीशी रक्कम. एकेकट्या बघितल्या तर काहीच वाटत नाही, बेरीज केली तेव्हा डोळे उघडले. त्यातलं रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत हे कव्हर गाडी कंपनीच्या सर्व्हिस प्लॅनमध्ये आधीच होतं. गाडी बंद पडली की ओढून न्यायला येणार एकच गाडी, मग पैसे दोन ठिकाणी कशाला भरत होतो? अपघात विमा तर ३ ठिकाणी निघाला, ऑफिसकडून, कार्डावर आणि गाडीच्या पॉलिसीत. अपघात विम्यात ठरलेली रक्कम मिळते त्यामुळे तो तिन्हीकडून मिळू शकतो हे खरं, पण मृत्यूनंतर घर चालायला टर्म आहेच, म्हणून जो पैसे देऊन घेतला होता तो काढला आणि फुकटातले ठेवले.

घराच्या पॉलिसीत मात्र खरी चूक होती. आम्ही विमा उतरवला होता बाजारभावाने, म्हणजे जागेच्या किमतीसकट. आग लागली तरी जमीन कुठे जळत नाही! बघायचा असतो तो पुन्हा बांधायचा खर्च. आणि घर, गाडी असल्या विम्यात कंपनी झालेलं नुकसानच भरून देते, रक्कम दुप्पट लिहिली म्हणून दुप्पट मिळत नाही, दोन कंपन्यांकडे उतरवला तरी त्या आपसात वाटून तेवढंच देतात. म्हणजे वरच्या रकमेचा प्रीमियम इतकी वर्षं नुसताच जात होता.

पण इथेच एक सांगतो, हे नीट वाचा. कमी करायच्या भरात मी आकडा फारच खाली आणायला निघालो होतो आणि हिने पॉलिसीतलं सरासरीचं कलम दाखवलं. समजा घर बांधायचा खर्च १०० आहे आणि विमा ६० चाच आहे, तर २० चं नुकसान झालं तरी हातात १२ च पडतात, कारण ४० टक्के धोका तुम्ही स्वतःकडे ठेवलाय असं धरतात. म्हणून अंदाजाने न ठरवता बांधकामातल्या माणसाकडून खर्च काढून घेतला आणि तेवढाच विमा ठेवला.

गाडीच्या पॉलिसीत डिडक्टिबल वाढवली, म्हणजे क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम. प्रीमियम लगेच खाली आला आणि जेवढा वाचला तेवढा दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचं ठरवलं. सहाव्या महिन्यात रिव्हर्स घेताना खांबाला घासलं, मागचा बंपर फुटला आणि एक लाइट गेला. बिल डिडक्टिबलच्या किंचित वर, त्यामुळे क्लेम केलाच नाही, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल पुढच्या प्रीमियममध्ये मिळणारी सूट, वाचला. पण तोपर्यंत त्या खात्यात बिलापुरते पैसे जमलेच नव्हते, उरलेले पगारातून भरले आणि तो महिना ओढाताणीचा गेला. हे करायचं असेल तर डिडक्टिबलएवढी रक्कम आधी बाजूला ठेवा आणि मगच वाढवा, आम्ही उलटं केलं.

कर्जाबरोबर आलेली पॉलिसी बंद केली, टर्मची रक्कम कर्ज आणि मुलगा कमावता होईपर्यंतचा घरखर्च धरूनच काढलेली आहे आणि बँकेची अटही नव्हती. फोनची पण काढली, फोन गेला तर वाईट वाटेल पण घर कोलमडणार नाही. मुलाच्या नावाची अजून तशीच आहे. त्याच्या कमाईवर कुणी अवलंबून नाही, म्हणजे जीवन विम्याची गरज नाही, पण सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर भरलेल्यातलं फार कमी परत मिळतं, म्हणून पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू, ठेवता येते का ते विचारलंय.

हेल्थ आणि गाडीचं थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारं कव्हर, यांना हात लावला नाही. आपली गाडी केवढ्याची हे आपल्याला माहीत असतं, आपल्या हातून दुसऱ्याचं काय नुकसान होईल ते कुणालाच माहीत नसतं. उलट हेल्थचं कव्हर थोडं वाढवलं, वाचलेल्यातून. तरी एकूण प्रीमियम साधारण पाव हिश्शाने कमी झालाय.

त्रास झाला तो काढून टाकण्यात. घ्यायला एक क्लिक आणि एक ॲड-ऑन काढायला मला ४ फोन लागले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येक वेळी "सर, उद्या काही झालं तर?" असं घाबरवणं. वाईट वाटतं, कारण माझ्या वडिलांसारखा माणूस पहिल्या फोनलाच गप्प झाला असता. शेवटी ईमेल केला आणि बदललेलं शेड्यूल हातात येईपर्यंत पैसे भरले नाहीत, पण मुदत संपायच्या २० दिवस आधी सुरू केलं होतं म्हणून हे जमलं, शेवटच्या दिवशी कराल तर विमाच तुटायचा.

पुढच्या महिन्यात परत नोटीस येईल. बांधकामाचे दर वाढलेत, त्यामुळे घराचा आकडा या वेळी बहुतेक वर न्यावा लागेल, त्यासाठी त्याच माणसाला परत बोलावलंय.