दक्षिणेची बाल्कनी, पश्चिमेचं ग्रिल: वर्षभरानंतर कोणती झाडं टिकली

पुण्यातला फ्लॅट, दक्षिणेकडे उघडणारी बाल्कनी, तिच्या डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब. शिवाय बेडरूमच्या खिडकीला पश्चिमेचं ग्रिल. एवढीच आमची बाग. तिन्ही ऋतू पाहून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

नर्सरीवाला विचारतो, "ऊन येतं का?" आपण "येतं की" म्हणतो आणि मोगरा घेऊन घरी येतो. कुठल्या महिन्यात येतं, हे ना तो विचारत ना आपण सांगत. आमच्या बाल्कनीत सगळी गोम तिथेच आहे.

डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 48 अंशांच्या आसपासच वर असतो, त्यामुळे ऊन थेट हॉलच्या फरशीवर येऊन पडतं. मार्च सरता सरता ते मागे हटतं आणि कठड्यापाशी थांबतं. 13 मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे बाहेर अंगाची लाही होत असते आणि आमच्या कुंड्या सावलीत. उत्तरेची बाल्कनी असलेल्यांचं बरोबर उलटं: थंडीभर काही नाही, आणि मे-जूनमध्ये तिरकं ऊन.

मोगऱ्याचा बहर नेमका मार्च ते मे. बाल्कनीत त्याची पानं गर्द हिरवी झाली, फांद्या लांबच लांब वाढल्या, कळीचा पत्ता नाही. खत वाढवून काही होत नाही, उलट पानंच वाढतात. तोच मोगरा ग्रिलवर हलवला, जानेवारीत पाणी तोडून कडक छाटणी केली, मग शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड दिली. एप्रिलमध्ये रोज ओंजळभर फुलं मिळाली. ग्रिलवर ठेवताना वजन मात्र बघा. 12 इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोच्या पुढे जाते. अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलं की बरीच हलकी होते, पण मग ती लवकर वाळते आणि मे महिन्यात दोन वेळा पाणी घालावं लागतं.

बाल्कनीची खरी राणी निघाली शेवंती. तिला फुलायला लांब रात्र लागते आणि फुलल्यावर ऊन. नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्याकडे दोन्ही असतं. फक्त रात्री बाल्कनीतला दिवा बंद ठेवा, नाहीतर कळ्या उशिरा येतात. मेथी आणि कोथिंबीरही थंडीत झकास आली. धणे चपलेखाली रगडून दोन फाका केले की उगवण चांगली होते, ही आईची पद्धत. उन्हाळ्यात त्याच जागी पुदिना ठेवला. त्याला ती उजेडाची सावली मानवली.

सासूबाईंना देवाला रोज फूल हवं असतं. त्यासाठी गावठी लाल जास्वंद घ्या, ताटाएवढ्या फुलांच्या संकरित जातींच्या मोहात पडू नका. त्या नर्सरीत फुललेल्या दिसतात आणि घरी आल्यावर महिनोन्महिने रुसतात. पिठ्या ढेकूण दोन्हींवर येतो. लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारते. जास्त झाला तर फांदीच कापून टाकते. सदाफुलीला यातलं काहीच लागत नाही. ग्रिलवर वर्षभर फुलली, पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू दिलं नाही एवढंच.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून पिटुनिया घ्यावासा वाटतो. घ्या, पण तो पाहुणा आहे हे धरून घ्या, मार्चच्या उन्हात मान टाकतो. तुळशीबद्दल एवढंच, की मंजिऱ्या खुडत राहिलं तर ती टिकते.

"हवा शुद्ध करणारी झाडं" म्हणून स्नेक प्लांट आणि मनी प्लांटला जास्त पैसे मोजू नका. हा दावा ज्यावरून आला तो नासाचा 1989 चा प्रसिद्ध प्रयोग हवाबंद पेटीतला होता. आपल्या उघड्या खिडक्यांच्या घरात चार कुंड्यांनी हवेत फरक पडत नाही. कमी उजेडात तग धरतात, पंधरा दिवस गावाला गेलो तरी जगतात, म्हणून घ्यायला हरकत नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबेकिया नको, पान चावलं की तोंड सुजतं. अडेनियमचा चीकही विषारी असतो. माझं अडेनियम ग्रिलच्या वरच्या कोपऱ्यात आहे, हात पोचणार नाही असं. पश्चिमेचं रणरणतं ऊन त्याच्याइतकं कोणालाच सोसलेलं नाही. येत्या जूनमध्ये उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांकडे चक्कर झाली तर त्याचंच आणखी एक आणणार आहे, आणि बाल्कनीसाठी शेवंतीची पिवळी रोपं.