वाळवंटासाठी बसवलेले सस्पेन्शन: वर्षभराच्या वापरानंतर

आमची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप गाडी वर्षभर दारव्हा तालुक्यातील शेतावर खताची पोती आणि फवारणीचे पंप वाहते, आणि कापसाची शेवटची वेचणी आटोपली की जैसलमेरकडे निघते. मूळ सस्पेन्शनवर केलेल्या पहिल्या फेरीत तिथल्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांनी फारसा त्रास दिला नाही. गाडीचा जीव काढला तो तिकडच्या लाटालाटांच्या कच्च्या वाटेने. अर्ध्या तासात गाडीचा मागचा भाग प्रत्येक खळग्यानंतर तीन-चार वेळा उसळू लागला. थांबून मागच्या शॉकअपवर बाटलीतले थोडे पाणी टाकले, तर ते चर्र करून उडून गेले.

शॉकअपचे काम म्हणजे स्प्रिंगची उसळी तेलात जिरवून तिची उष्णता करणे. सलग हादऱ्यांत ही उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तेल पातळ होते, आणि साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल व वायू एकमेकांत मिसळून फेस होतो. त्या फेसातून दट्ट्या अडथळ्याविना ये-जा करतो. म्हणून गाडी उंच करण्यापेक्षा शॉकअप बदलण्यासाठीच मी नागपूरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तेथे एकेरी नळीचे, बाहेर वेगळी टाकी असलेले शॉकअप बसवले. त्यांत तेल जास्त मावते, आणि नायट्रोजन तरंगत्या दट्ट्याच्या पलीकडे राहत असल्यामुळे तो तेलात मिसळत नाही. यंदा त्याच वाटेवर गाडी शेवटपर्यंत एकसारखी चालली. टाकी हाताला चांगली गरम लागली, पण मागचा भाग उसळला नाही.

गॅरेजची एक गोष्ट मनापासून आवडली. पैशांची बोलणी होण्याआधी त्यांनी विचारले की हौद्यात कायमचे वजन किती असते. मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी गाडी प्रवासाच्या सामानासह भरून काट्यावर न्यायला सांगितली, आणि गावाजवळच्या जिनिंगच्या काट्यावर आधी पुढची, मग मागची चाके चढवून मी दोन वेगळी वजने घेतली. त्या आकड्यांवरून त्यांनी मागे मध्यम ताकदीचे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या) निवडले आणि 300 किलोच्या कायम वजनासाठी असलेले जड पाटे देण्यास नकार दिला. तसे पाटे रिकाम्या गाडीला पांधणीवर बैलगाडीसारखे आपटवतात. उंचीही 2 इंचांपेक्षा जास्त वाढवू दिली नाही, कारण त्यापुढे पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांवर वाकडा ताण येतो. शिवाय उंच गाडी टेकडीवर आडवी चालवताना लवकर कलते. पुढचे वरचे आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे) बदलून अलाइनमेंट केल्यामुळे महामार्गावर स्टिअरिंग सरळ राहते.

तक्रार आहे ती बसवणीबद्दल. चौथ्या महिन्यात पुढून करकर आवाज येऊ लागला. गावातल्या मिस्त्रीने खाली शिरून पाहिले आणि आर्मच्या सांध्यातल्या बुशचे रबर फाटल्याचे बोटाने दाखवले. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबत असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले होते. अशा वेळी गाडी जमिनीवर टेकली की रबर कायम पिळलेलेच राहते आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळले जाते. बोल्ट आधी हलके लावून, गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळायचे असतात, हे दीड लाखाच्या आसपास बिल करणाऱ्या गॅरेजला मी सांगावे लागू नये. त्यांनी बुश फुकट दिले, मजुरी मात्र पुन्हा घेतली.

खर्च करण्याआधी कायद्याचेही पाहावे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ला मान्य नाही. आपल्या गाडीसाठी काय चालते ते आरटीओत विचारून घ्यावे; गॅरेजवाले हा विषय स्वतःहून काढत नाहीत.

शेतातल्या वापरात एकच त्रास उरला आहे. पावसाळ्यात काळी माती पाट्यांच्या फटींत शिरून दगडासारखी वाळते आणि पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात, त्यामुळे दर आठवड्याला पाण्याचा जोरदार फवारा मारावा लागतो. मागचे बुशही आता बदलायला आले आहेत. ते काम गावातच करून घेणार आहे, आणि बोल्ट आवळताना गाडी चाकांवर उभी असेल.