भांडी बाजारातील एक दुकान आणि परगावी निघण्याआधीची खरेदी

जुलैमध्ये मी नोकरीसाठी हैदराबादला राहायला जाणार आहे. तेथे मला भाड्याची एक खोली मिळाली आहे आणि तिच्यात गॅस नसून इंडक्शन शेगडी आहे. स्वयंपाकाची भांडी नाशिकमधूनच न्यावीत असे आईचे म्हणणे पडले आणि त्यासाठी आम्ही दोघी भांडी बाजारातील एका जुन्या दुकानात दोन वेळा गेलो. नाव छापू नये असे मालकांनी सांगितल्याने ते येथे देत नाही. मात्र शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पहिल्यांदाच घर सोडणाऱ्याने कोणती भांडी घ्यावीत, याचा इतका नीट विचार करणारा दुकानदार मला दुसरीकडे भेटला नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

रविवार कारंजावर उतरून सराफ बाजाराच्या दिशेने पायीच जावे, कारण गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो, तो दिवस टाळलेला बरा. दुकान बाहेरून लहान दिसते, पण आत बरेच खोल आहे. खालच्या फळ्यांवर केवळ स्टील, पितळ आणि लोखंड मांडलेले असते. पुठ्ठ्याच्या खोक्यांतले कुकर आणि मिक्सर माणसाच्या डोक्याच्याही वर. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला पूर आला आणि पाणी बाजारात शिरले, तेव्हापासून ही मांडणी कायम आहे. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले याची चौकशी करूनच आपण दुकान बंद करतो, असे दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, सांगितले.

या दुकानात जाण्यापूर्वी आम्ही शहरातल्या एका मोठ्या, झगमगीत दुकानात गेलो होतो. तेथे मला काही न विचारता ५१ नगांचा तयार संच समोर ठेवण्यात आला. त्यात सहा जणांची ताटे होती. मी एकटीच राहणार आहे असे सांगितल्यावर ‘पाहुणे येतील तेव्हा लागतील’ असे उत्तर मिळाले.

येथे मी घरून लिहून आणलेली २६ वस्तूंची यादी काकांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, “बेटा, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तू घरात काय काय खातेस आणि ते कशात शिजते, तेवढे मला सांग.” पहिल्या भागाचे उत्तर सोपे होते. सकाळी बाबांबरोबर चहा, मग पोहे किंवा उपमा, डब्यात दोन पोळ्या आणि कोरडी भाजी, संध्याकाळी क्लासहून आल्यावर भावाबरोबर वाटून खाल्लेला कालचा उरलेला भात फोडणी देऊन, रात्री वरण-भात, आणि रविवारी मोड आलेल्या मटकीची मिसळ. दुसऱ्या भागावर मात्र मी अडखळले. पोहे लोखंडी कढईत होतात हे मला ठाऊक होते, पण दूध कोणत्या पातेल्यात तापते, वरण कुकरच्या वरच्या डब्यात लावतात की खालच्या, मटकी कशात भिजते, यातले एकही उत्तर मला देता आले नाही. ते आईने दिले. २३ वर्षे ज्या स्वयंपाकघरात मी रोज जेवले, तिथली भांडी मी कधी लक्षपूर्वक पाहिली नव्हती, हे त्या दुकानात उभी असताना मला जाणवले आणि मला वाईट वाटले. घरी परतल्यावर पुढचा आठवडाभर मी रोज सकाळी आईबरोबर ओट्यापाशी उभी राहिले.

काकांनी यादीतल्या १५ वस्तू खोडल्या. उरलेल्या ११ वस्तूंपैकी प्रत्येक का हवी, हे त्यांनी सांगितले, आणि येथे त्यांचे ज्ञान दिसून आले. इंडक्शनवर भांडे तापण्यासाठी त्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटले पाहिजे, म्हणून त्यांनी प्रत्येक भांडे चुंबक लावूनच दाखवले. चुंबक चिकटले नाही म्हणजे स्टील उत्तम, हा आईचा समज त्यांनी दूर केला. ज्याला ३०४ म्हणतात त्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरे आहे; परंतु निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही, त्यामुळे केवळ चुंबकावरून दोन्हींतला फरक कळत नाही. भांड्यावरचा छाप पाहावा आणि बिलावर स्टीलचा प्रकार लिहून घ्यावा, हा त्यांचा सल्ला मला मोलाचा वाटला.

कुकर तीन लिटरचा घेतला. मला दोन लिटरचा पुरेल असे वाटत होते, पण कुकर दोन तृतीयांशांपेक्षा जास्त भरायचा नसतो आणि डाळ फुगून फेस येतो म्हणून ती शिजवताना निम्म्यावरच थांबायचे असते, हे लक्षात घेतल्यावर त्यांचे म्हणणे पटले. कुकरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा मानक क्रमांक आहे ना, हे त्यांनी मलाच शोधायला लावले. कढई लोखंडीच, पण सपाट बुडाची दिली. गोल बूड शेगडीच्या काचेवर नीट टेकत नाही.

पितळेचे एक सुबक पातेले मला फार आवडले होते. ते विकल्यास त्यांचाच फायदा होता, तरीही त्यांनी ते दिले नाही. आतली कल्हई उडाली की त्यात ताक, चिंच किंवा टोमॅटो घालता येत नाही, तू नव्या शहरात कल्हईवाला शोधत फिरणार का, असे त्यांनी विचारले. त्यात भर म्हणजे पितळ इंडक्शनवर चालतही नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. भांडी वजनावर विकली जातात, पण किलोचा दर कोठेही लिहिलेला नाही. तो विचारावा लागतो. ज्येष्ठ ग्राहकाला टेकायला एकच स्टूल आहे आणि आमची खरेदी दोन तास चालली. पिठाच्या डब्याचे झाकण घरी आल्यावर सैल निघाले. ते दुसऱ्या खेपेस बिल न मागता बदलून मिळाले, तरी मुळात दुकानातच तपासले गेले असते तर बरे झाले असते. सगळे मिळून ४,२६० रुपये झाले आणि काकांनी सगळी भांडी एकत्र वजन करून साडेसहा किलो भरतात हेही सांगितले, कारण ती मला देवगिरी एक्स्प्रेसने स्वतः उचलून न्यायची आहेत.

भांड्यांवर नाव घालणारे कारागीर दुकानाच्या ओट्यावर दुपारी तीननंतरच बसतात, हे आम्हाला आधी कळले नव्हते. दुसरी खेप त्यासाठीच करावी लागली. दुकानातून घेतलेल्या भांड्यांवर नाव विनामूल्य घालतात, घरून आणलेल्यांचे पैसे घेतात. आईने त्या दिवशी पिशवीतून आमचे दुधाचे पातेले काढले. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आजीचे नाव आणि १९७४ हे साल आहे. काकांनी सवयीने बुडाला चुंबक लावले. ते चिकटले नाही. “हे शेगडीवर चालायचे नाही,” ते म्हणाले, “यात दही लाव.” आजीच्या नावाखाली जागा होती. तेथे माझे नाव घालून झाल्यावर कारागिरांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.