आक्षेपांना उत्तरं देण्याचा अभ्यासक्रम : पाचवं सत्र सोडून जरूर करा

आई गेली त्या रात्री धाकट्या भावाने मला विचारलं, "ताई, तू प्रार्थना केली होतीस ना? मग?" मी पंधरा वर्षं संडेस्कूल घेते. लगेच त्याला माणसाची स्वतंत्र इच्छा, पतित (पापाने बिघडलेलं) जग असं सगळं समजावायला लागले. तो मध्येच उठून गेला. त्यानंतर विश्वासाचा विषय त्याने माझ्यापाशी कधी काढला नाही. त्यामुळे ख्रिस्ती विश्वासावरच्या नेहमीच्या आक्षेपांबद्दलचा हा सहा सत्रांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मंडळीत सुरू झाला, तेव्हा पहिलं नाव माझं होतं.

सगळ्यात जास्त हाती लागलं ते दुसऱ्या सत्रात. आक्षेप ओळखीचा : नकला करता करता नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाचा, मजकूर बदलत गेला, आता मूळ काय होतं कोणाला ठाऊक? शिक्षकांनी आधी त्यातलं खरं ते कबूल केलं. मूळ हस्तलिखित एकही उरलेलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) शेवटच्या 12 ओव्या (16:9–20) चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत. इतकी वर्षं शिकवूनही मला हे माहीत नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली. मग त्यांनी पडद्यावर पपायरस 52 हा जुन्या हस्तलिखिताचा तुकडा दाखवला. तळहातात मावेल एवढा, कडा फाटलेल्या, दोन्ही बाजूंना योहानाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातल्या, येशू आणि रोमन सुभेदार पिलात यांच्या संवादाच्या अर्धवट ओळी. तो साधारण दुसऱ्या शतकातला मानतात. पण हा काळ अक्षराच्या वळणावरून ठरवलेला, म्हणून काही दशकं इकडेतिकडे धरा, असंही ते म्हणाले. नकला जितक्या जास्त तितके फरक जास्त दिसतात, आणि त्याच नकला ताडून चूक कुठे शिरली तेही कळतं, हा त्यांचा मुद्दा मला पटला.

रोमन इतिहासकार टॅसिटसबद्दलही तेवढाच प्रामाणिकपणा होता. पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला मृत्युदंड झाला एवढीच त्याची साक्ष. पुनरुत्थान त्याच्या तोंडी घालायचं नाही.

विज्ञानाचं सत्र मात्र उरकून टाकलंय. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली मांडणारा लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता, एवढं सांगून पुढे गेले. त्यातून देव सिद्ध होत नाही. एकाच माणसाच्या ठायी विज्ञान आणि विश्वास दोन्ही नांदू शकतात, एवढंच दिसतं.

प्रत्येक सत्राच्या शेवटी जोडीने एक सराव असतो. एकाने आक्षेप मांडायचा. दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, तोच आक्षेप आपल्या शब्दांत परत सांगायचा. समोरचा "हो, मला हेच म्हणायचंय" म्हणेपर्यंत. मी तीनदा चुकले. दर वेळी सांगता सांगता माझं उत्तरच मध्ये घुसत होतं. या एका सरावासाठीसुद्धा हा अभ्यासक्रम करावा.

पाचव्या सत्राने मात्र माझी निराशा केली. विषय दुःखाचा, आणि चाळीस मिनिटांत पाच कारणं! मी आईच्या खाटेशेजारी जे केलं तेच हे सत्र शिकवतं. बायबलमधल्या, दुःखाने कोसळलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते. बोलायला लागल्यावर त्यांनीही कारणंच दिली, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला, ईयोबाला नाही. सत्रात ईयोबाचं नावही येत नाही. हे मी अभिप्रायाच्या अर्जात सविस्तर लिहिलंय.

भावाला मी दुसरं सत्र पाठवलं. त्याने पूर्ण पाहिलं आणि फोन केला. या वेळी त्याचाच प्रश्न मी त्याला परत सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती, मग तो म्हणाला, "हो, हेच." आता दर बुधवारी रात्री आम्ही फोनवर ईयोब वाचतो. सध्या तिसरा अध्याय चालू आहे, ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो तो. भावाने मला तो दोनदा वाचायला लावला.