दांडिया बाजारातला अणुकेंद्रकीय भौतिकीचा रविवार वर्ग: एक अभिप्राय

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या अणुकेंद्रकीय भौतिकीच्या वर्गाला मी माझ्या मुलीबरोबर सहा रविवार बसलो. विखंडन (अणूचे जड केंद्रक फुटणे) आणि जड आयनांचे संमीलन (दोन केंद्रके आदळून एक होणे) हे पृष्ठताण आणि प्रोटॉनांचे प्रतिकर्षण यांच्या एकाच झुंजीचे दोन प्रसंग आहेत, हे इतक्या स्पष्टपणे शिकवणारा वर्ग मला आजवर भेटला नव्हता.

पहिल्याच दिवशी सरांनी काचेच्या पेल्यात पाणी आणि स्पिरिट अशा बेताने मिसळले की त्यात सोडलेला तेलाचा थेंब तरंगलाही नाही आणि बुडालाही नाही. दोन काड्यांनी तो ताणत नेल्यावर त्याची कंबर बारीक होत गेली आणि तुटताना दोन मोठ्या थेंबांच्या मधोमध एक इवलासा थेंब उरला. हान आणि स्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना १९३८ च्या अखेरीस युरेनियममधून कितीतरी हलके बेरियम मिळाले, म्हणजे केंद्रकच फुटले होते; त्याचा उलगडा माइटनर आणि फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांनी अशाच थेंबाच्या चित्रावरून केला होता. पृष्ठताण केंद्रकाला गोल ठेवू पाहतो, प्रोटॉनांचे प्रतिकर्षण त्याला ताणते; युरेनियम-२३५ मध्ये न्यूट्रॉन शिरताच मिळणारी सुमारे साडेसहा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा विखंडनाचा अडथळा ओलांडायला पुरते आणि सुटते ती सुमारे २०० दशलक्ष. मधल्या इवल्या थेंबाचीही आठवण सरांनी ठेवली: काहीशे विखंडनांत एखाद्या वेळी दोन तुकड्यांच्या मधून अल्फा कण निसटतो.

संमीलनाकडे वळताना सरांनी ऑक्सिजन-१६ चे केंद्रक समेरियमच्या केंद्रकावर आदळण्याचे उदाहरण घेतले. समेरियम-१४८ जवळजवळ गोल, तर समेरियम-१५४ खारकेसारखे लांबट. त्याचे टोक समोर आले की प्रतिकर्षणामुळे उभा राहणारा कूलोंब अडथळा खाली येतो आणि कमी ऊर्जेलाही संमीलन कितीतरी अधिक घडते. हा भाग त्यांनी फळ्यावर दोन रविवार सावकाश मांडला, आणि तो तसाच मांडायला हवा.

तक्रार एवढीच की अर्धविखंडन, म्हणजे आदळलेली केंद्रके एकजीव होण्याआधीच विलग होणे, अर्ध्या तासात उरकले. कॅल्शियम-४८ आणि बर्केलियम-२४९ यांच्यापासून ११७ वे मूलद्रव्य रशियातील दुबना येथे मिळाल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. अशा टकरींत बहुतेक जोड्यांचे अर्धविखंडनच होते, आणि विद्यार्थी नेमके इथेच अडतात. शिवाय छापील टिपणांत विखंडनाचा अडथळा आणि कूलोंब अडथळा यांना एकच चिन्ह वापरल्यामुळे माझ्या मुलीची दोन गणिते चुकली. प्रवेश घेणाऱ्यांनी टिपणांवर विसंबू नये, फळ्यावरचे उतरवून घ्यावे आणि पेल्याचा प्रयोग पाहण्यासाठी पहिला रविवार चुकवू नये.