टाचेतून रक्त घेण्याचं पात्याचं लॅन्सेट: उपकरण चांगलं, पण एकटं पुरेसं नाही

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाची टाच टोचून रक्ताचे ठिपके फिल्टर पेपरवर घेतात. थायरॉइडची जन्मजात कमतरता, फिनाइलकीटोन्युरिया असे आजार लक्षणं दिसण्याआधी सापडतात ते याच चाचणीमुळे, त्यामुळे ती टाळण्याचा प्रश्नच नाही. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातल्या, बाळाची टाच मात्र साखर, कावीळ अशा कारणांनी पुन:पुन्हा टोचली जाते. म्हणूनच टोचायला काय वापरलं जातं, याला महत्त्व आहे.

मुळात बाळाला दुखतं का? दुखतं. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर कित्येक शस्त्रक्रिया अगदी जुजबी भूल देऊन, स्नायू ढिले करणाऱ्या औषधावर उरकल्या जात. मज्जासंस्था अपुरी वाढलेली असते, लहानग्याला काही जाणवत नाही, असा समज होता. १९८७ साली संशोधक डॉ. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या कमी दिवसांच्या (वेळेआधी जन्मलेल्या) बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. २०१५मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काही दिवसांच्या बाळांच्या तळपायाला हलकं टोचून मेंदूचं एमआरआय चित्रण केलं. मोठ्या माणसांत वेदनेच्या वेळी मेंदूचे जे २० भाग जागे होतात, त्यांतले १८ बाळांतही जागे झाले. बाळाला नेमकं काय वाटतं हे त्याला विचारता येत नाही, पण त्याला वेदना होत नाहीत असं म्हणायला आता जागा उरलेली नाही.

आता उपकरणाकडे. लॅन्सेट म्हणजे रक्तासाठी त्वचा टोचायचं छोटं उपकरण. साधं टोकदार लॅन्सेट हाताने खुपसायचं असतं. खोली किती जाईल हे हाताच्या जोरावर ठरतं आणि तिथेच घोटाळा होतो. पात्याचं स्वयंचलित लॅन्सेट म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी. आत स्प्रिंग आणि बारीक पातं असतं. खटका दाबला की पातं कमानीसारखं फिरून त्वचेला बारीक छेद देतं आणि परत आत जातं. ते पुन्हा बाहेर येत नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा वापरता येत नाही आणि कर्मचाऱ्यालाही टोचत नाही. टेंडरफूट, क्विकहील ही या जातीतली परिचित नावं. पूर्ण दिवसांच्या बाळासाठीचा छेद साधारण १ मिमी खोल आणि २.५ मिमी लांब असतो, कमी दिवसांच्या बाळासाठीचा ०.८५ मिमी खोल आणि १.७५ मिमी लांब.

हे आकडे उगाच ठरलेले नाहीत. नवजात बाळाच्या टाचेत केशवाहिन्यांचं जाळं त्वचेखाली साधारण ०.३५ ते १.६ मिमीवर असतं. त्याखाली गेलं तर रक्त वाढत नाही, हाड मात्र जवळ येतं. टाचेच्या हाडाला इजा होऊन जंतुसंसर्ग झाला तर तो भारी पडतो. हाताने वापरायच्या लॅन्सेटपुढे या उपकरणाचा खरा फायदा इथे आहे: खोली ठरलेली, रक्त मोकळं वाहतं, पुन्हा टोचावं लागत नाही, टाच काळीनिळी कमी होते. आमचा कौल निःसंकोच याच्या बाजूने आहे. फिल्टर पेपरसाठी किंवा नळीत रक्त घ्यायला साधं लॅन्सेट वापरण्याचं कारण आता उरलेलं नाही. पात्याचं लॅन्सेट महाग पडतं हे खरं, पण तीनदा टोचलेली टाच आणि पुन्हा बोलवावं लागलेलं बाळ त्याहून महाग पडतं. रक्तातली साखर पाहायला लागणाऱ्या एका थेंबासाठी मात्र पातं लागत नाही, सुईच्या टोकाचं छोटं स्वयंचलित लॅन्सेट पुरतं.

उपकरण कितीही चांगलं असो, हात चुकला की ते वाया जातं. सगळ्यांत जास्त चूक होते ती पिळण्यात. टोचणं क्षणाचं असतं, पिळणं कित्येक मिनिटं चालतं, आणि बाळाचं रडणं त्यामुळेच लांबतं. शिवाय पिळलेल्या रक्तात ऊतींतलं पाणी मिसळतं, लाल पेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं, नमुना बाद होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्याऐवजी पाय हृदयाच्या पातळीखाली ठेवावा, थोपटल्यासारखं हलकं दाबावं, सोडावं, टाचेत रक्त भरू द्यावं, मग पुन्हा दाबावं.

जागा तळव्याच्या कडांची. अंगठ्याच्या मध्यापासून टाचेकडे एक रेषा आणि चौथ्या-पाचव्या बोटांच्या मधून दुसरी रेषा कल्पावी, आणि या दोन रेषांच्या बाहेरच्या बाजूला टोचावं. टाचेची मागची गोलाई वर्ज्य, कारण तिथे हाड सर्वांत उथळ असतं. आधी टोचलेल्या, सुजलेल्या जागी पुन्हा टोचू नये. अल्कोहोलने पुसल्यावर जागा पूर्ण वाळू द्यावी. ओल्या जागेवर छेद दिला तर झोंबतं, थेंब गोल न होता पसरतो आणि पेशीही फुटतात. डबी त्वचेला सपाट टेकवावी, तिरकी धरली तर छेद उथळ होतो आणि रक्त अडतं. पहिला थेंब गॉझने टिपून टाकावा. फिल्टर पेपरचं वर्तुळ एकाच बाजूने, एकाच मोठ्या थेंबाने भरावं. थेंबावर थेंब चढवला तर प्रयोगशाळा तो नमुना नाकारते.

आता वेदनेकडे, कारण छेद कितीही बारीक असला तरी तो दुखतोच. कपाळ फुगणं, डोळे घट्ट मिटणं, नाकापासून ओठाकडे येणारी घडी खोल होणं, ही चेहऱ्यावरची खूण विश्वासार्ह आहे. फार कमी दिवसांची किंवा आजारी बाळं मात्र दुखत असूनही गप्प राहू शकतात. गप्प आहे म्हणजे दुखत नाही, असं समजू नये.

सर्वांत चांगला उपाय आईच्या अंगावरच आहे. टोचण्याआधी काही मिनिटं बाळाला पाजायला घ्यावं आणि टोचताना, थेंब घेतानाही पाजणं थांबवू नये. कर्मचाऱ्यांना पाय पकडायला थोडं अडचणीचं होतं, पण ही तडजोड त्यांनी करावी. पाजता येत नसेल तर फक्त लंगोट ठेवून आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर दहा-पंधरा मिनिटं आधीपासून ठेवावं. तेही जमत नसेल तर हातपाय पोटाशी घेऊन दुपट्यात गुंडाळावं आणि एकच पाय बाहेर काढावा.

२४ टक्के सुक्रोजची (साखरेच्या द्रावणाची) एकेका मात्रेची बाटली मिळते. टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेच्या पुढच्या भागावर थेंबथेंब द्यावी. २०१८च्या एका चाचणीत ०.१ मिली मात्रा ०.५ आणि १ मिलीइतकीच परिणामकारक ठरली, म्हणजे भरमसाट देण्याची गरज नाही. परिणाम काही मिनिटांचाच असतो, आधीच देऊन ठेवली तर उपयोग नाही. रडणं आणि चेहऱ्याच्या खुणा यामुळे कमी होतात हे पक्कं आहे. पण २०१०च्या एका अभ्यासात सुक्रोज दिलेल्या बाळांच्या मेंदूतला वेदनेचा विद्युत प्रतिसाद कमी झालेला दिसला नाही. म्हणून वापरावी, पण फक्त तिच्यावर विसंबू नये, आणि घरी साखरपाणी करून देऊ नये. गिळता न येणाऱ्या किंवा आतड्याला सूज असलेल्या बाळाला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

त्वचा बधिर करणारं मलम टाचेवर काम करत नाही. पॅरासिटामॉलनेही या टोचण्याची वेदना कमी होत नाही. या दोन्हींवर वेळ घालवू नये.

रक्त जास्त लागणार असेल तर हाताच्या शिरेतून, सराव असलेल्या माणसाने घ्यावं. पूर्ण दिवसांच्या बाळाला टाच टोचण्यापेक्षा ते कमी दुखतं, आणि चांगल्यातल्या चांगल्या लॅन्सेटनेही हा फरक भरून निघत नाही. पुन:पुन्हा टोचण्याचा परिणामही मागे राहतो. मधुमेही आईच्या बाळांची साखर पाहण्यासाठी पहिल्या दिवसापासून टाच वारंवार टोचतात. २००२च्या एका अभ्यासात अशा बाळांनी, नंतर शिरेतून रक्त घेण्याआधी नुसती त्वचा पुसतानाच, इतर बाळांपेक्षा जास्त वेदनेचे चेहरे केले. म्हणून दिवसातल्या चाचण्या एकत्र जोडून एकाच छेदात रक्त घेण्याचं नियोजन वॉर्डाने करायला हवं. पालकांनीही हे विचारायला संकोचू नये.

रक्त घेऊन झाल्यावर पाय वर उचलून कोरड्या गॉझने दाबून धरावं, रक्त थांबेपर्यंत. चिकटपट्टी लावू नये: ती काढताना नाजूक त्वचा सोलते, आणि सुटलेली पट्टी तोंडात गेली तर बाळ गुदमरू शकतं.