सर्ट्रालीन, बाळंतपणानंतर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सर्ट्रालीन म्हणजे चिंता आणि नैराश्यावरची गोळी. पाचपैकी चार. एक गुण कापला तो पहिल्या पंधरवड्यासाठी.

कपाटात गरोदरपणाआधीची अर्धी स्ट्रिप असते, डॉक्टरांची चिठ्ठीही सापडते. रात्री तीनला बाळाचा श्वास चालू आहे ना, हे सातव्यांदा बघून झालं की हात तिकडे जातो. तो तिथेच थांबवावा आणि सकाळी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा. पूर्वी १०० मिलिग्रॅम चालत होती म्हणून थेट तिथून सुरुवात करायची नसते. मध्ये काही महिने खंड पडला असेल तर बहुधा २५ देतात, म्हणजे ५० ची गोळी मधल्या रेघेवर मोडून अर्धी, आणि आठवडाभराने ५०. एकदम मोठा डोस पोटात गेला की मळमळ, जुलाब आणि जिच्यासाठी गोळी घेतली तीच घालमेल वाढते.

थोड्या डोसवरही पहिले दहा-बारा दिवस धडधड वाढू शकते. नेमकं तेव्हाच 'सोसत नाही' म्हणून गोळी सोडली जाते. फरक दोन ते चार आठवड्यांनी जाणवतो, पुरता यायला सहा-आठ लागतात. आधी झोप सुधारते, मग दाराची कडी पुन्हापुन्हा तपासणं कमी होतं. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

अंगावर पाजणाऱ्यांसाठी नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांत सर्ट्रालीनलाच सहसा पहिली पसंती असते, कारण दुधात ती फार थोडी उतरते. दूध काढून फेकायची गरज नसते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घालावं. ते नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, नीट ओढत नसेल किंवा फार किरकिरत असेल तरीही.

खरी जोखीम जुन्या चिठ्ठीवरच्या दुसऱ्या गोळीची: क्लोनाझेपाम. अर्ध्या तासात जीव शांत करते, म्हणूनच मोह होतो. पण तिचा अंमल दुसऱ्या दिवशीही शिल्लक असतो, आणि रोज घेतली तर साचत जाते. बाळ पेंगतं, आईलाही जाग येत नाही. डॉक्टरांनी दिलीच तर त्या रात्री बाळ कुशीत नको, वेगळ्या पाळण्यात हवं, आणि उठायला घरात दुसरं कुणी हवं.

सिझेरियननंतरच्या गोळ्यांचं पाकीट उलटून नावं वाचावीत. पॅरासिटामॉल चालतं. त्याच्याच जोडीने ट्रॅमाडॉल हे जोरकस वेदनाशामक असेल तर नको: सर्ट्रालीनबरोबर थरथर, घाम, ताप असा त्रास उद्भवू शकतो, शिवाय ते दुधातूनही उतरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते, विचारूनच. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फानही टाळावं. डिंकाच्या लाडवांना कुणाची हरकत नाही, पण अश्वगंधा असलेला काढा किंवा कल्प चालू असेल तर तो डॉक्टरांना सांगावा. 'ते काय औषध आहे का' म्हणून हीच गोष्ट हमखास राहून जाते.

गोळी सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन बघून घ्यावं. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलं तर धडधड, घाम आणि हात कापणं हुबेहूब चिंतेसारखंच दिसतं. पूर्वी कधी झोपेविना दिवसच्या दिवस भलताच उत्साह राहिला असेल तर तेही सांगावं. अशा वेळी नुसती ही गोळी उलट भडका उडवू शकते. आणि भास होत असतील, भलतेच संशय येत असतील किंवा स्वतःला वा बाळाला इजा करावीशी वाटत असेल तर गोळी लागू पडायची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, बाईला एकटं ठेवू नये. बोलायला कुणीतरी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास.

बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात. बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्यानुसार काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावी. झटक्यात सोडली तर चक्कर येते आणि मान वळवताना डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. त्यामुळे माहेरी जाताना पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो बरोबर असू द्यावा.